पंख्याविना संगणक

ख्यालाआधी तंबोरा लागतो, तो घटकाभर नुसता ऐकावासा वाटतो. घरच्या संगणकावर तेच ऐकू गेलो, तर आधी पंख्याची घरघर कानी येते. म्हणून आम्ही देवळीत पंख्याविना संगणक जुळविला.

सीडीच्या संगीतात सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीची नोंद असते; प्रत्येक नोंद १६ बिटांची. एवढे वाचणे आजच्या संगणकास डाव्या हातचा मळ. तेव्हा कमी वीज खाणारा प्रोसेसर पुरतो. वीज कमी, तशी उष्णताही कमी. ती ॲल्युमिनियमच्या पेटीच्या पातळ पात्यांवाटे हवेत जाते. फिरत्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी बसविली की हलणारा भागच उरत नाही. आकड्यांचा पुन्हा नाद करणारा डॅक पेटीबाहेर ठेवावा. आतली विजेची खरखर त्यात कमी शिरते.

परंतु वैशाखात आमच्याकडे पारा ४५ अंशांकडे धावतो. हवाच तापली की पेटीही तितकीच अधिक तापते. म्हणून ती कपाटात न कोंडता मोकळी ठेवितो.

आणि छताचा पंखा? तो आम्ही पहाटे बंद करतो. त्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी तबकडी संगणकावर लावली, तर तिच्यातली खरखरही गोड वाटते. ती त्या काळाची असते, आमच्या यंत्राची नव्हे.