अभ्यासाला बसलेले मन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुलांच्या अभ्यासाविषयी बोला, अशी मंडळाची आज्ञा झाली. मी बोलणार आहे ते अभ्यासाला बसलेल्या जिवाविषयी.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. मग वर्ग मोबाईलवर आले. आपल्या खान्देशात पुष्कळ घरी फोन एकच. तो सकाळीच वडिलांबरोबर केळीच्या बागेत नाही तर जिनिंगवर जाई. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली, तिने लहानांना आधार दिला. मोठ्यांचे मात्र कठीण होते.

धुळ्याची माझी भाची तेव्हा नववीत होती. वर्ग चालू असता ती कॅमेरा बंद ठेवी. बाई रागावत, कारण कोणी विचारीना. तिच्या पाठीमागे पत्र्याची भिंत आणि भाकरी थापणारी आजी दिसे, एवढेच! एकदा कोणीतरी हसले होते. मुलगी गणितात हुशार, पण त्या दिवसापासून शंका विचारीनाशी झाली, आणि एक शंका राहिली की पुढची दहा उदाहरणे अडतात. मी रोज रात्री फोनवर विचारी, “आज कुठे अडलं गं?” आठ दिवस “कुठेच नाही, मावशी.” नवव्या दिवशी रडली आणि मग म्हणाली, “करणी समजत नाही.” (हा शब्द ऐकून आजी दचकल्या, ते निराळेच!)

राइनहार्ड पेक्रुन या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याची उपपत्ती मांडली आहे. विषय मोलाचा वाटतो, परंतु जमेल अशी खात्री नाही, तेथे भीती उपजते. मोलच वाटत नाही, तेथे कंटाळा. भ्यालेल्या मुलाचे निम्मे लक्ष काळजीतच खर्ची पडते. आपण मात्र त्याला आळशी म्हणून मोकळ्या होतो.

गुणपत्रिकेवरून हे कळत नाही. २०२१ साली दहावीची परीक्षाच झाली नाही; मागील गुण व शाळेचे मूल्यमापन धरून राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. पेढे वाटले गेले. त्या वर्षी किती मुले मनातून खचली होती, हे कोणत्या रकान्यात लिहिणार?

आता शाळा भरतात, तरी नीट-जेईईचे पाठ मोबाईलवर आहेतच. म्हणून माझी एक सूचना आहे. मंडळाची ही खोली दुपारी रिकामी असते. रोज दोन तास ती मुलांना उघडून द्यावी, आणि आपल्यापैकी एकीने नुसते जवळ बसावे. गणित येत नसले तरी चालेल. किल्ली माझ्याकडे ठेवण्यास माझी तयारी आहे.