काळ्या कुत्र्याच्या मुलखातून



ऑफ तासाला भुताच्या गोष्टींसाठी हट्ट धरणारा मी सध्या इंग्लंडच्या सफोक काउंटीत राहतो. तिथलं नामांकित भूत म्हणजे ‘ब्लॅक शक’, एक काळा कुत्रा. (शालिवाहन शकाशी त्याचा संबंध नाही!)

४ ऑगस्ट १५७७, रविवार. बंगी गावच्या सेंट मेरी चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना भयंकर वादळ झालं. त्याच वर्षी अब्राहम फ्लेमिंग यांनी पुस्तिका काढली: वादळात काळा कुत्रा आत शिरला आणि गुडघे टेकून बसलेल्या दोघांच्या माना मुरगळून गेला. जवळच्या ब्लायबरा चर्चच्या दारावर त्याच्या पंजाचे म्हणून दाखवतात ते जळके डाग मी हात लावून पाहिलेत.

बंगीच्या चर्चच्या नोंदवहीत मात्र कुत्रा नाहीच. वादळात, प्रार्थनेच्या वेळी, घंटाघरात दोघे दगावले, एवढंच. मला ही कोरडी ओळच जास्त अंगावर येते. शेजारचा माणूस असा गेल्यावर नुसत्या ‘वादळ झालं’वर कुणाचं समाधान होणार?

कुत्रा आज बंगीच्या मानचिन्हावर विजेवर स्वार आहे. त्या दोघांची नावं जॉन फुलर आणि ॲडम वॉकर.