हिरवा दगड आणि विहिरीचें पाणी



हरताळ, मनशीळ आणि सोमल हीं नांवें आपल्या घरांत अपरिचित नाहींत. पोथींतील चुकलेलें अक्षर पिवळ्या हरताळानें झांकीत. त्यावरूनच ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार आला. या तिन्हींत एकच मूलद्रव्य आहे, तें आर्सेनिक. आज त्याच कुळांतील एका दुर्मिळ हिरव्या खनिजाची ओळख करून द्यावयाची आहे. कारण त्याची घडण समजली कीं विदर्भाच्या सीमेवरील एका प्रश्नाचा उलगडा होतो.

या खनिजाचें नांव चेनेव्हिक्साइट. तें प्रथम कॉर्नवॉल येथील तांब्याच्या खाणींत सांपडलें. रिचर्ड चेनेव्हिक्स या आयरिश रसायनशास्त्रज्ञानें १८०१ सालीं तेथील तांब्याच्या व लोहाच्या आर्सेनेटांचें पृथक्करण प्रसिद्ध केलें. पुढें १८०३ सालीं, नव्यानें सांपडलेला पॅलेडियम हा धातु प्लॅटिनम व पारा यांचें मिश्रण आहे, असें त्यानें ठासून सांगितलें आणि तें चूक ठरलें. तरी पहिल्या कामाची आठवण राहिली व १८६६ सालीं या खनिजास त्याचें नांव मिळालें.

खोल खडकांत आर्सेनिक बहुधा लोह व गंधक यांच्याशीं बांधलेलें असतें. पावसाचें पाणी व हवा तेथवर पोंचलीं कीं ही गांठ सुटते. आर्सेनिकाचा प्राणवायूशीं संयोग होऊन आर्सेनेट बनतें व जवळ मिळेल त्या धातूस तें बिलगतें. लोह मिळालें तर स्कोरोडाइट, तांबें मिळालें तर ऑलिव्हेनाइट, आणि दोन्ही मिळालीं तर चेनेव्हिक्साइट. लोहाच्या जागीं ॲल्युमिनियम आलें कीं ल्युथेआइट. हें भावंड ॲरिझोनांतील असून त्याचें वर्णन १९७७ सालीं झालें. हीं सर्व खनिजें म्हणजे विषाला निसर्गानें घातलेलीं कुलुपें होत.

कुलूप न लागल्यास काय होतें, हें पाहण्यास कॉर्नवॉलला जावयास नको. गोंदिया जिल्ह्यांतील चिचगडहून पूर्वेस राज्याची सीमा ओलांडली कीं छत्तीसगडांतील अंबागड चौकीचा मुलूख लागतो. डोंगरगडचे प्राचीन ग्रॅनाइट व ज्वालामुखीजन्य खडक या सीमेच्या दोन्ही अंगांस पसरले आहेत. त्या मुलुखांतील कौडीकसा गांवच्या पाण्यांत आर्सेनिक असल्याचें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. अंगावर काळे डाग पडणें, तळहात व तळपाय जाड होणें, हीं त्याचीं लक्षणें तेथील रहिवाशांत आढळलीं.

म्हणून चिचगडचें पाणी दूषित आहे, असें मात्र कोणी समजूं नये. खडक एका जातीचा असला तरी प्रत्येक विहीर निराळी असते. या विषास रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. पाणी उकळल्यानें तें जात नाहीं. उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें. पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, व ती ओलांडली गेली कीं नाहीं हें प्रयोगशाळाच सांगूं शकते.

उपाय पुन्हां त्या हिरव्या दगडानेंच सुचविला आहे. आर्सेनेटाची लोहाशीं असलेली ओढ ओळखून पाणी लोहाच्या गंजासारख्या पदार्थांतून गाळतात. विष त्यास चिकटून राहतें. मात्र तो वापरलेला पदार्थ उकिरड्यावर टाकूं नये, नाहीं तर लावलेलें कुलूप आपणच उघडल्यासारखें होईल.

गांवीं नवी विहीर खणाल किंवा हातपंप बसवाल, तेव्हां पाणी गोड लागलें एवढ्यावर समाधान मानूं नका. तें एकदां तपासून घ्या.