डेन्मार्कच्या निशाणाखाली मराठी ग्रंथ



१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत पैनगंगेच्या दक्षिणेस राहिलेल्या आदिलाबादच्या मराठी वाचकाला हे सांगावयास नको की, भाषेच्या ग्रंथांचा संसार राज्याच्या सीमेत मावत नाही. मराठी मुद्रित ग्रंथाचा जन्मच मुळी परमुलखात झाला. आणि त्या जन्माशी डेन्मार्कसारख्या चिमुकल्या राज्याचा संबंध यावा, हा इतिहासाचा विलक्षण योग होय.

डेन लोकांनी १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून तरंगंबाडी हे बंदर मिळविले व तेथे डान्सबोर्ग किल्ला बांधला. पुढे तंजावरास व्यंकोजीराजांचे राज्य आले, आणि या युरोपीय व्यापाऱ्यांचा वार्षिक खंड मराठी दरबारात जमा होऊ लागला. किल्ला त्यांचा, पण जमिनीचे धनी भोसले! १७०६ साली येथे आलेल्या मिशनऱ्यांनी लवकरच तमिळ छापखाना उभारला. याच मिशनचा श्वार्ट्झ हा पुढे दुसऱ्या सरफोजीराजांचा गुरू झाला. सरस्वती महाल ग्रंथालय वैभवास नेणाऱ्या या राजाने १८०५ च्या सुमारास तंजावरात देवनागरी छापखाना काढला व इसापनीतीचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ छापविले.

दुसरे ठिकाण श्रीरामपूर. अहिल्यानगर जिल्ह्यातील नव्हे, हुगळीकाठचे. १७५५ पासून ते डेन्मार्ककडे होते. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्मप्रसाराने रयत बिथरेल आणि व्यापार बुडेल, ही धास्ती. म्हणून विल्यम केरी १८०० साली या डॅनिश वसाहतीच्या आश्रयास गेला. मात्र गंमत अशी की, ज्या कंपनीला त्याचे मिशन नको होते, तिलाच त्याची विद्वत्ता हवी होती! कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो देशी भाषा शिकवू लागला आणि नागपूरकर भोसल्यांच्या व पेशव्यांच्या दरबारांशी व्यवहार करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी मराठी पुस्तकांची निकड भासली. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने केरीने १८०५ मध्ये मराठी व्याकरण सिद्ध केले. त्यातील मराठी मजकूर देवनागरीत होता. १८१० च्या कोशात मात्र मराठी शब्द मोडीत छापले गेले. १८१४ साली ‘सिंहासन बत्तिशी’ निघाली. वैजनाथांचे नाव आपण केरीइतके घेत नाही, हा अन्यायच म्हणावा लागेल. खिळे पाडणारे पंचानन कर्मकार व त्यांचे जावई मनोहर यांचीही तीच गत.

या सर्वांवरून डेन्मार्कला विद्येचा कैवारी ठरविणे भाबडेपणाचे होईल. याच राज्याने वेस्ट इंडीजमधील आपल्या बेटांवर आफ्रिकी गुलामांच्या श्रमाने ऊस पिकविला. हिंदुस्थानातही त्याला हवा होता तो नफाच. तो आटला तेव्हा १८४५ साली तरंगंबाडी व श्रीरामपूर या वसाहती साडेबारा लाख रुपयांना इंग्रज कंपनीस विकून टाकण्यात आल्या.

केरी व त्याच्या सहकाऱ्यांनी १८१८ साली स्थापिलेल्या श्रीरामपूर कॉलेजास डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये पदव्या देण्याची सनद दिली होती. विक्रीच्या करारात त्या सनदेचे हक्क मात्र राखून ठेवण्यात आले.