एअर क्लीनर बदलायचाय? आधी गुडघा बघा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "एअर क्लीनर बदलला की पिकअप वाढतो का रे?" आज तेवढंच बोलू.

माझ्याकडे सेकंडहँड हार्ली आयर्न ८८३ आहे. या गाडीचा एअर क्लीनर इंजिनच्या उजव्या बाजूला, बाहेरच असतो. अगदी गुडघ्यापाशी. मी व्हिडिओ बघून तिथे मोठा, उघडा, कोनसारखा फिल्टर बसवला. आवाज एकदम भारी! दोन दिवस गल्लीत मिरवून घेतलं.

मग पावसात ताम्हिणीला गेलो. कोन जुन्या डब्यापेक्षा बराच बाहेर आलेला, त्यामुळे उजवा गुडघा फाकलेला, पाऊल तिरकं. एका वळणावर समोर म्हैस! मागच्या ब्रेकचं पेडल पायाला सापडेना. पुढच्या ब्रेकवर कशीबशी गाडी थांबली. म्हैस निवांत निघून गेली, माझे हात मात्र पौडपर्यंत थरथरत होते.

घरी येऊन गणित मांडलं. खरं तर ते आधी मांडायला हवं होतं. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं. ३००० आरपीएमला ८८३ सीसी गुणिले १५००, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त सुमारे १३२५ लिटर. पण हे थ्रॉटल पूर्ण उघडं असताना. हायवेला ८०नं आरामात जाताना थ्रॉटल थोडंच उघडं असतं. हवा अडते तिथे, फिल्टरपाशी नाही. आमच्या ऑफिसच्या भाषेत, बॉटलनेक एकीकडे आणि आपण ऑप्टिमाइझ करतोय दुसरंच.

फरक पडला तर वरच्या आरपीएमला, पूर्ण थ्रॉटलवर. तिथेही जास्त हवेला जास्त पेट्रोल लागतं, म्हणजे ईसीयूचं मॅपिंग आलं, खर्च आला. मला जाणवलेला पिकअप बराचसा कानांचा भास होता.

मग निवडायचं कसं? माझा क्रम सांगतो.

पहिला गुडघा. क्लीनर इंजिनपासून किती मिलीमीटर बाहेर येतो ते दुकानात विचारा. त्या मापाचा पुठ्ठा कापून गाडीवर चिकटवा, सीटवर बसा, पाय फूटपेगवर ठेवा आणि ब्रेक दाबून बघा.

दुसरं, ब्रीदर. या इंजिनात क्रँककेसमधली तेलकट वाफ दोन्ही हेडमधून एअर क्लीनरमध्ये येते. नव्या किटमध्ये तिची जोडणी हवीच. ती वाट बुजवली तर आत दाब वाढतो आणि ऑइल गळायला लागतं.

तिसरा, फिल्टरचा प्रकार. पेपरचा असेल तर खराब झाल्यावर सरळ बदला. कॉटनचा धुता येतो, पण पूर्ण वाळवून बेतानं तेल लावावं लागतं. तेल कमी पडलं तर धूळ आत जाते, जास्त झालं तर हवा अडते. आणि आपल्याकडच्या पावसात फिल्टर उघडा ठेवूच नका, वर कव्हर हवं.

मी शेवटी कमी जाडीचा, कव्हरवाला क्लीनर घेतला. आवाज पूर्वीसारखा नाही, मित्र चिडवतात. पण पाय सरळ पेडलवर पडतो आणि लांबच्या राइडनंतर गुडघा दुखत नाही.

तर ऑर्डर देण्याआधी पुठ्ठा कापा. भेटू पुढच्या भागात. हेल्मेट घाला, सावकाश चालवा!