खेळ कुणाचा, हप्ता कुणाचा?

(जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

कार्यक्रमपत्रिकेत 'हातातले व्हिडिओ गेम' हा विषय पाहून काही जणी हसल्या. हसणं साहजिक आहे. सकाळपासून आपण पोटगी, घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव, मारहाणीच्या केसेस यांवर बोलतो आहोत. त्यात हे पोराटोरांचं खेळणं कुठून आलं?

ते आलं बचत गटांच्या बैठकांमधून. कर्ज मागताना बियाणं, दवाखाना, शाळेची फी ही कारणं आपल्या ओळखीची आहेत. त्यांच्या बरोबरीनं आता 'पोऱ्याला गेम घ्यायचा आहे' हेही कारण येऊ लागलं आहे. सांगताना बाईला संकोच वाटतो, म्हणून वहीत 'घरखर्च' लिहिलं जातं. मुलगा जेवत नाही, रुसून बसतो, मित्राकडे आहे आणि माझ्याकडे नाही म्हणतो. वडील म्हणतात, 'तुझ्या गटातून काढ.' कर्ज बाईच्या नावावर, हप्ता बाईच्या मजुरीतून आणि वस्तू मुलाच्या हातात. म्हणून हा आपला विषय आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. निन्टेन्डो या जपानी कंपनीनं १९८० साली खिशात मावणारा खेळ बाजारात आणला. त्यातच घड्याळही होतं. गुनपेई योकोई नावाच्या माणसानं तो तयार केला. आगगाडीत एक प्रवासी वेळ घालवायला कॅल्क्युलेटरशी चाळा करत बसलेला त्यांनी पाहिला आणि त्यावरून ही कल्पना सुचली, असं सांगतात. १९८९ मध्ये त्याच कंपनीचं दुसरं यंत्र आलं. एकाच यंत्रात वेगवेगळ्या कॅसेट घालून वेगवेगळे खेळ खेळता येत. त्याचं नाव 'गेम बॉय'. वस्तू दुकानात येण्याआधीच ती कुणासाठी आहे ते नावातच ठरलेलं होतं.

आता 'कॉम्बो'बद्दल. यंत्राबरोबर एखादा खेळ, दुसरा रिमोट, पिशवी असं बांधून एका किमतीला विकतात, त्याला आपल्याकडचा दुकानदार कॉम्बो म्हणतो. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत गेम बॉय विकताना त्याबरोबर 'टेट्रिस' दिला गेला. वरून पडणारे ठोकळे फिरवून ओळी जुळवायच्या, असा तो खेळ. मॉस्कोतल्या अलेक्सी पाजितनोव यांनी तो १९८०च्या दशकात तयार केला होता. त्यात ना मारामारी, ना सोडवायला राजकन्या. मुलांसाठी म्हणून आलेलं ते यंत्र मग मोठी माणसंही खेळू लागली, आणि बायाही. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून अकरा कोटींहून जास्त यंत्रं विकली गेली. यातून आपण एक गोष्ट लक्षात ठेवू. खोक्यात कोणता खेळ घालायचा हे विकणारा ठरवतो, आणि त्यावरून खेळणार कोण हेही बरंचसं ठरतं.

आपल्या बाजारात काय मिळतं? जळगावच्या गोलाणी मार्केटला जा, नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडवर चक्कर मारा. तुमच्यापैकी अनेकींना '९९९९ इन वन' लिहिलेलं ते राखाडी खेळणं आठवत असेल. नऊ हजार खेळ म्हणायचे आणि निघायचे दहा-बारा. फक्त वेग आणि पातळी बदलून आकडा वाढवलेला. आता त्याच्या जागी '४०० इन वन' आलं आहे. काही शे रुपयांत यंत्र, टीव्हीला जोडायची वायर आणि दुसऱ्या खेळाडूसाठी वेगळा रिमोट. त्यातले बरेच खेळ चाळीस वर्षांपूर्वीच्या जपानी खेळांच्या परवानगीशिवाय केलेल्या नकला आहेत, आणि काही तर नाव बदलून पुन्हा पुन्हा येतात. आकड्याला भुलू नये, एवढंच माझं म्हणणं. बाकी या स्वस्त खेळण्याशी माझं भांडण नाही. उलट त्यात एक गुण आहे, त्याकडे मी नंतर येते.

दुसऱ्या टोकाला महागडी यंत्रं आहेत. निन्टेन्डोचं 'स्विच २' ५ जून २०२५ रोजी परदेशात आलं. अमेरिकेत नुसतं यंत्र साधारण ४५० डॉलरला, आणि 'मारिओ कार्ट वर्ल्ड' या गाड्यांच्या शर्यतीच्या खेळासह कॉम्बो साधारण ५०० डॉलरला. आपल्या पैशात हा कॉम्बो चाळीस हजारांच्या वर जातो. शेजारी रोजगार हमीचा हिशेब ठेवा. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. शंभर दिवस पुरते काम मिळालं, तरी ३१,२०० रुपये. म्हणजे वर्षाची हमीची सगळी मजुरी घातली तरी ते खोकं हाती येत नाही. त्यात पहिला स्विच कंपनीनं भारतात रीतसर विकायला आणलाच नव्हता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून तो बाहेरून आणून विकला जाई. अशा मालावर कंपनीची हमी मिळेलच असं नाही. बिघडला तर हप्ते चालू आणि खेळ बंद.

आता मुख्य मुद्दा. खेळतं कोण?

खेळायला वस्तू लागते, तसा वेळ लागतो. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत असं आढळलं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. जवळजवळ पाच तास आणि दीड तास. हा फरक लग्नानंतर एकदम येत नाही, तो लहानपणापासून शिकवला जातो. किशोरी गटात आम्ही मुलींना कागदावर दिवसाचं घड्याळ काढायला सांगतो. पाणी, झाडू, भांडी, धाकट्याला सांभाळणं, शाळा, पुन्हा भांडी. 'खेळ' लिहायला त्या जागा शोधत बसतात. एक मुलगी म्हणाली, 'ताई, भाऊ गेम खेळतो तेव्हा मी बघते, तेच लिहू का?' खेळ चार्जिंगला लावणं, तो सापडला नाही की शोधून देणं, दादाचा खेळ मोडू नये म्हणून धाकट्याला लांब ठेवणं, ही कामं मात्र तिच्याकडे आहेत. घरात विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'आंडेरले काय करनं शे ते?'

आपल्या खान्देशाला खेळाची परंपरा नाही असं कोण म्हणेल? आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. भुलाबाईच्या दिवसांत डब्यातली खिरापत ओळखण्याचा खेळ रंगतो. सागरगोटे आहेत, फुगड्या आहेत. पण नीट पाहा. बाईचा खेळ सणाला बांधलेला आहे आणि माहेराला बांधलेला आहे. सण संपला, सासरी गेली की झोका सुटला. त्याच आखाजीला पुरुष पारावर बसून पत्ते कुटतात, पैसे लावतात, आणि त्याला प्रथा म्हणून मान मिळतो. त्यांना खेळायला वर्षभर पार असतोच. हातातलं यंत्र हा नवा पार आहे, आणि त्यावरही मुलीला जागा ठेवलेली नाही.

ज्या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८४२ मुली मोजल्या गेल्या, त्या जळगावात आपण काम करतो. मुलगी नको म्हणणं आणि जन्मलेल्या मुलीला खेळ नको म्हणणं यांची बरोबरी मी करत नाही. पण मुलावर खर्च करताना हात सैल आणि मुलीवर करताना आखडता, हा स्वभाव दोन्हीकडे तोच आहे. तो आपल्याला दवाखान्यात दिसतो, शाळेच्या फीमध्ये दिसतो. खेळण्यातही तो पाहायला शिकलं पाहिजे.

आता यंत्राच्या आत काय आहे ते पाहू. वर्षानुवर्षं या खेळांत बाई म्हणजे पळवून नेलेली राजकन्या. नायक मुलगा आणि ती बक्षीस. १९८६च्या 'मेट्रॉईड' खेळात चिलखत घातलेला लढवय्या शेवटी शिरस्त्राण काढतो आणि कळतं की ती बाई आहे. म्हणजे शेवटापर्यंत ते लपवावं लागलं. 'पोकेमॉन' मुलींमध्येही लोकप्रिय होता. पण त्यात मुलगी होऊन खेळायची सोय पहिल्यांदा मिळाली २००० साली आलेल्या 'क्रिस्टल' या आवृत्तीत. राजकन्या पीचला २००५ मध्ये स्वतःचा खेळ मिळाला, तेव्हा तिची हत्यारं कोणती? रडणं, रागावणं, आनंदून जाणं! बाई म्हणजे भावना, हे जपानमध्येही तसंच. 'झेल्डा' मालिकेला राजकन्येचंच नाव आहे. पण मुख्य मालिकेत तीच नायिका असलेला खेळ यायला सप्टेंबर २०२४ उजाडलं.

आणि आता आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या गटानं 'राजी' नावाचा खेळ केला. संस्थापकांमध्ये श्रुती घोष ही चित्रकार स्त्री आहे. राजी ही खेळ-कसरती करून पोट भरणाऱ्यांतली मुलगी. राक्षस मुलांना पळवतात, त्यात तिचा धाकटा भाऊ गोलू जातो, आणि त्याला सोडवायला ती निघते. इथे बहीण भावाला सोडवते. देखावे राजस्थानी वाड्या-किल्ल्यांचे आणि पहाडी चित्रशैलीचे. २०१७ मध्ये या गटानं लोकांकडून इंटरनेटवर निधी उभा करायचा प्रयत्न केला, तो साधला नाही. तरी त्यांनी काम सोडलं नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी 'राजी' आधी स्विच या हातातल्या यंत्रावर आला, मग इतर यंत्रांवर. त्या वर्षीच्या जागतिक गेम पुरस्कारांत पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकनही मिळालं. देवीदेवतांच्या कथेत मुलीला बसवण्याबद्दल आपल्यात मतभेद असू शकतात, त्यावर चर्चा जरूर करू. पण पुण्यात बसून कुणी तरी मुलीला नायिका केलं, हे आपल्या मुलींना माहीत असायला हवं.

२०२३ चा 'वेंबा' हा खेळही सांगण्यासारखा आहे. तमिळनाडूतून कॅनडात गेलेली एक आई, तिची फाटकी पाककृतींची वही, आणि भाषेपासून दूर जाणारा मुलगा. अर्धवट पुसलेल्या कृती जुळवून इडली-डोसे करायचे, हाच खेळ. बाईचं रोजचं काम, ज्याला घरात कुणी काम म्हणत नाही, तेच डोकं लावायची गोष्ट म्हणून समोर ठेवलं आहे.

आता आक्षेपांकडे येते. पहिला, की गेमनं मुलं बिघडतात. अतिरेक होतो हे खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं खेळावरचा ताबा सुटणं हा विकार म्हणून आपल्या यादीत घेतला आहे. पण ते निदान डॉक्टरनं करायचं, चिडलेल्या शेजारणीनं नाही. अभ्यास, झोप, माणसांशी बोलणं सगळं सुटलं आणि ते महिनोन्‌महिने टिकलं, तर जरूर तज्ज्ञांकडे जा.

दुसरा आक्षेप, की पैसे लावायचे खेळ घरं बुडवतात. शंभर टक्के खरं. कर्जापायी बायांचे दागिने गेलेले आपण पाहिले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो याचमुळे. पण तो धोका आहे इंटरनेट आणि बँक खातं जोडलेल्या मोबाईलमध्ये. मघाशी म्हटलेला स्वस्त यंत्राचा गुण हाच. त्याला इंटरनेट नाही, त्यातून आईच्या खात्यातले पैसे जात नाहीत, अनोळखी माणूस त्यातून मुलीशी बोलू शकत नाही. महागड्या यंत्रांत मात्र हे सगळं असू शकतं, म्हणून घेण्याआधी विचारायचं.

तिसरा आक्षेप, की पोटाला नाही तिथे खेळ कशाला? मैत्रिणींनो, हा प्रश्न मुलासाठी कर्ज काढताना कुणी विचारला नाही. मुलीची पाळी आली की गरिबी आठवते.

मग आपण काय करायचं? माझ्या चार सूचना आहेत, त्या आपापल्या गटांत मांडाव्यात.

एक, गटाच्या वहीत कर्जाचं खरं कारण लिहायचं. लाज बाईला वाटायचं कारण नाही. आणि अशा कर्जाला बाईबरोबर नवऱ्याची किंवा कमावत्या मुलाचीही हप्त्याची जबाबदारी लेखी घ्यायची.

दोन, विकत घेताना पाच प्रश्न विचारायचे. पक्कं बिल मिळेल का? दुरुस्ती कुठे होईल? खोक्यात नक्की काय आहे आणि पुढे वेगळं काय विकत घ्यावं लागेल? इंटरनेट लागतं का? दोघांना मिळून खेळता येतं का? पुढच्या महिन्यात नवीन येणार, ऑफर संपणार, अशी घाई कुणी केली तर त्या दिवशी घ्यायचं नाही.

तीन, घरात खेळ आला तर पाळी ठरवायची. भावाला एक तास, तर बहिणीलाही एक तास. आणि तिचा तास मिळावा म्हणून त्या वेळची भांडी भावानं घासायची. वेळ दिला नाही तर वस्तू देऊन उपयोग नाही.

चार, प्रत्येक किशोरी गटाच्या पेटीत कॅरम, सागरगोटे, दोरी यांच्याबरोबर दोन रिमोटचा एखादा साधा गेमही ठेवायचा. वर्गणी काढली तर तो परवडतो. मुली खेळतील, हरतील, भांडतील. आया बघायला येतील, त्यांनाही बसवा. बाईनं तासभर काही उपयोगाचं न करता बसणं घराला कसं खुपतं, ते त्या दिवशी दिसेल, आणि त्यावर बैठकीत बोलता येईल.

पुढच्या तिमाहीत प्रत्येक तालुक्यातल्या एका तरी गटानं हे करून पाहावं आणि काय घडलं ते लिहून पाठवावं. मुली काय म्हणाल्या, ते त्यांच्याच शब्दांत लिहा, अहिराणीत असेल तर अहिराणीत. घरच्यांनी काय अडवलं तेही लिहा. तेवढं हाती आलं की पुढची चर्चा त्यावरूनच करू.