घर बांधताना बाईलाही विचारा

आम्ही लातूरकडच्या बचत गटातल्या बाया. आज बोलायचंय घराबद्दल.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आम्ही विसरलो नाही. गणपती बोळवून माणसं झोपली होती. चार वाजायला चार मिनिटं असताना किल्लारीची जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं घरच अंगावर कोसळलं. हजारो माणसं गेली.

मग मदतीला हात आले. त्यात चर्चचे स्वयंसेवकही होते. 'कासा' ही चर्चची मदतसंस्था १९४७ साली फाळणीच्या निर्वासितांसाठी सुरू झाली. जात-धर्म न पाहता मदत करायची, हा तिचा नेम. तिनं आपल्या भागातही काम केलं. परक्या माणसांनी आपल्यासाठी घाम गाळला, हे ऋण मोठं आहे.

पण मैत्रिणींनो, मदत चांगली असली तरी घर चुकू शकतं. अनेक नवी गावं सरळ रस्त्यांवर, ओळीनं वसली. शेजारीण लांब गेली. गुरं कुठं बांधायची, कणगी कुठं ठेवायची, हे नकाशात नव्हतं. चुलीपाशी दिवस जातो तिलाच कुणी विचारलं नव्हतं.

जी घरं पडली नव्हती, त्यांच्या दुरुस्तीत मात्र वेगळं घडलं. गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया 'संवाद सहायक' झाल्या. माळवदावरची माती कमी करायची, भिंतीच्या दोन्ही अंगांना जोडणारा लांब दगड घालायचा, हे त्या शिकल्या आणि घरोघरी समजावलं. गवंड्याला प्रश्न विचारायला लागल्या. पुढं २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा इकडच्या बाया तिथल्या बायांशी बोलायला गेल्या.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. उद्या पूर आला, वादळ आलं, तर चर्चचे, मंदिराचे, कुठलेही स्वयंसेवक दारात येतील. त्यांना आधी पाणी द्या. मग पाया खणण्याआधी सांगा: चूल कुठं हवी, मोरी कुठं, गुरं कुठं, शेजार कुणाचा. घर दोघांच्या नावावर करा, हेही सांगा. गवंड्यासोबत उभ्या राहा, भिंत कशी उठते ते बघा.

स्वयंसेवक काम आटोपून आपल्या गावी जातील. त्या घरात राहायचं आहे आपल्याला.